आधी कधीच शुगर नव्हती, मग गरोदरपणातच डायबेटिस कसा होतो?

सहावा महिना संपत आलेला असतो. घरात डोहाळे जेवणाची तारीख ठरवायची बोलणी चाललेली असतात. नेहमीच्या तपासणीला गेल्यावर दवाखान्यात ग्लुकोजचं गोड पाणी प्यायला देतात, दोन तासांनी रक्त घेतात आणि संध्याकाळी रिपोर्टवर आकडा येतो १५२. डॉक्टर सांगतात, "शुगर वाढली आहे. जीडीएम आहे."

घरी आल्यावर प्रश्नांची सरबत्ती सुरू होते. "आपल्याकडे तर कुणालाच शुगर नाही!" "डोहाळ्यांच्या नावाखाली गोड जास्त खाल्लंस का गं?" "बाळालाही डायबेटिस होणार का?" "आता जन्मभर इन्सुलिन टोचायचं का?" आणि रात्रीपर्यंत व्हॉट्सॲपवर मेथीचं पाणी, कारल्याचा रस आणि भात पूर्ण बंद असे तीन-चार उपाय येऊन पडलेले असतात.

जीडीएम म्हणजे जेस्टेशनल डायबेटिस मेलायटस, साध्या भाषेत गरोदरपणातला मधुमेह. तो का होतो, त्याने आईला आणि बाळाला नेमका काय धोका असतो आणि बाळंतपणानंतर कोणती एक गोष्ट हमखास राहून जाते, हे समजून घेऊया.

जीडीएम म्हणजे नेमकं काय?

आधी मधुमेह नसलेल्या बाईच्या रक्तातली साखर गरोदरपणात ठराविक मर्यादेपेक्षा वर गेली, तर त्याला जीडीएम म्हणतात. बहुतेक वेळा हा त्रास पाचव्या-सहाव्या महिन्यानंतर दिसतो आणि बाळंतपणानंतर साखर पुन्हा खाली येते.

काही बायकांना गरोदर राहण्याआधीपासूनच मधुमेह असतो, पण तपासणीच न झाल्यामुळे तो माहीत नसतो. पहिल्या तीन महिन्यांतच उपाशीपोटी साखर १२६ किंवा त्याहून जास्त आली, तर डॉक्टर हा आधीपासूनचा मधुमेह असल्याचं धरतात. त्याचे उपचार आणि धोके वेगळे असतात. म्हणूनच पहिली तपासणी लवकर करायला सांगतात.

हा आजार दुर्मिळ अजिबात नाही. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाच्या २०२१ च्या अंदाजानुसार जगात जन्मणाऱ्या साधारण दर सहा बाळांमागे एका बाळाच्या आईला गरोदरपणात वाढलेल्या साखरेचा त्रास असतो. त्यातला बहुतांश वाटा जीडीएमचा आहे.

गोड खाल्लं म्हणून होतो का?

नाही. खरं कारण गरोदरपणाच्या रचनेतच आहे.

आपण जेवतो तेव्हा अन्नातल्या पिष्टाची साखर होऊन ती रक्तात येते. स्वादुपिंडातून निघणारं इन्सुलिन ही साखर पेशींमध्ये पोहोचवतं. गरोदरपणात गर्भाशयात वार तयार होते, जिला डॉक्टर प्लॅसेंटा म्हणतात. वारेतून बाळाला अन्न आणि प्राणवायू मिळतो, शिवाय ती बरेच हार्मोनही तयार करते. हे हार्मोन आईच्या शरीरात इन्सुलिनचा परिणाम कमी करतात.

ही निसर्गाची सोय आहे. आईच्या पेशींनी साखर पटकन उचलली नाही, तर ती रक्तात थोडा जास्त वेळ राहते आणि बाळाच्या वाट्याला येते. वार मोठी होत जाते तसा हा परिणाम वाढतो. शेवटच्या तीन महिन्यांत आईच्या स्वादुपिंडाला नेहमीच्या दुप्पट किंवा त्याहून जास्त इन्सुलिन तयार करावं लागतं.

बहुतेक बायकांचं स्वादुपिंड हा भार पेलतं. ज्यांचं कमी पडतं, त्यांची साखर वाढते. म्हणजे गरोदरपण ही शरीराची एक प्रकारची परीक्षा असते आणि स्वादुपिंडात आधीपासून असलेली उणीव त्या परीक्षेत उघडी पडते. त्यामुळे पाचव्या महिन्यात खाल्लेल्या दोन पेढ्यांना दोष देऊन काही साधत नाही.

कुणाला धोका जास्त असतो?

आई, वडील किंवा भावंडांना मधुमेह असेल, वजन जास्त असेल, वय वाढलेलं असेल, पीसीओएस असेल, आधीच्या गरोदरपणात जीडीएम झाला असेल किंवा आधीचं बाळ खूप वजनाचं जन्मलं असेल, तर शक्यता वाढते.

पण भारतात "मी तर बारीक आहे, मला कशाला शुगर होईल?" हा भरवसा फसवा ठरतो. याचा एक महत्त्वाचा धागा पुण्यात सापडला. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात पुण्याजवळच्या गावांमधल्या गरोदर बायकांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू केला. ही बाळं इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा वजनाने बरीच कमी होती, पण त्यांच्या शरीरात स्नायूंच्या मानाने चरबीचं प्रमाण जास्त होतं. दिसायला बारीक, आतून चरबी जास्त. याच शरीररचनेमुळे भारतीयांमध्ये कमी वजनालाही आणि कमी वयातही मधुमेह दिसतो. म्हणून आपल्याकडे धोका वाटतो अशाच बायकांची निवडून तपासणी करण्यापेक्षा प्रत्येक गरोदर बाईची तपासणी करायची असं धोरण आहे.

बाळाला काय होतं?

आईच्या रक्तातली साखर वारेतून बाळाकडे जाते. आईचं इन्सुलिन मात्र जात नाही. आईची साखर वाढली की बाळाकडेही जास्त साखर पोहोचते आणि ती सांभाळायला बाळाचं छोटंसं स्वादुपिंड स्वतःचं इन्सुलिन जास्त तयार करायला लागतं. हे इन्सुलिन वाढीचं काम करतं. जादा साखरेची चरबी होते आणि बाळ आकाराने मोठं होतं, विशेषतः खांदे आणि पोटाजवळ. डेन्मार्कचे डॉक्टर यॉर्गन पेडरसन यांनी गेल्या शतकाच्या मध्यात मांडलेला हा विचार आजही या विषयाचा पाया मानला जातो.

आपल्याकडे बाळ चांगलं साडेचार किलोचं झालं की कौतुक होतं. पण असं बाळ बाहेर येताना खांदा अडकू शकतो, बाळाला इजा होऊ शकते किंवा सिझेरियन करावं लागतं.

दुसरा धोका जन्मानंतरच्या पहिल्या काही तासांतला. नाळ कापली की आईकडून येणारी साखर एकदम थांबते, पण बाळाचं जास्तीचं इन्सुलिन लगेच कमी होत नाही. त्यामुळे बाळाची साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. म्हणून अशा बाळाला जन्मानंतर तासाभरातच अंगावर पाजतात आणि टाचेतून रक्ताचा थेंब घेऊन साखर तपासतात. हे पाहून घाबरायचं कारण नाही. ही ठरलेली काळजी आहे.

साखर ताब्यात नसेल तर आईला रक्तदाब वाढण्याचा, गर्भजल जास्त होण्याचा आणि वेळेआधी प्रसूतीचा धोका असतो. पोटात बाळ दगावण्याचा धोकाही वाढतो.

बाळ जन्मतःच मधुमेह घेऊन येईल का? जीडीएममुळे तसं होत नाही. मात्र अशा मुलांना पुढे लठ्ठपणा आणि मधुमेहाची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते.

दिलासा देणारी गोष्ट अशी की आईची साखर ताब्यात राहिली, तर गरोदरपणातले यातले बहुतेक धोके बरेच कमी होतात.

टेस्ट कशी करतात? उपाशी जायचं का?

केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांनुसार भारतात एक सोपी पद्धत वापरली जाते. ७५ ग्रॅम ग्लुकोज साधारण ३०० मिलिलिटर पाण्यात विरघळवून ५ ते १० मिनिटांत प्यायचं. शेवटचं जेवण कधी झालं हे पाहिलं जात नाही, म्हणजे उपाशी असण्याची अट नाही. दोन तासांनी साखर तपासायची. १४० किंवा त्याहून जास्त आली, तर जीडीएम.

पाणी प्यायल्यावर अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर टेस्ट दुसऱ्या दिवशी पुन्हा करावी लागते. त्यानंतर झाली तर तीच टेस्ट पुढे चालू ठेवतात.

ही टेस्ट दोनदा करायची असते. पहिली, गरोदरपणाच्या पहिल्याच तपासणीला. ती नॉर्मल आली, तर दुसरी २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान. "पहिली नॉर्मल आली, आता कशाला?" म्हणून दुसरी टाळू नये. वारेच्या हार्मोनचा जोर नंतरच वाढतो, त्यामुळे खरी परीक्षा दुसऱ्या वेळी असते.

उपाशीपोटी नसलेली ही पद्धत पुढे आणण्यात चेन्नईचे ज्येष्ठ मधुमेहतज्ज्ञ डॉ. व्ही. शेषय्या यांचा मोठा वाटा आहे. त्यामागे साधा व्यवहार आहे. लांबच्या गावाहून एसटीने येणाऱ्या गरोदर बाईला उपाशी या म्हणणं अवघड, आणि खाऊन आली म्हणून परत पाठवलं तर ती पुन्हा येईलच याची खात्री नाही. आलेल्या दिवशीच टेस्ट होणं महत्त्वाचं.

काही खासगी दवाखान्यांत उपाशीपोटी, एक तासाने आणि दोन तासांनी असं तीन वेळा रक्त घेतात. त्यात मर्यादा ९२, १८० आणि १५३ अशा असतात आणि तिन्हीपैकी एक जरी ओलांडली तरी जीडीएम धरतात. त्यामुळे एकीच्या रिपोर्टवर १४५ ला जीडीएम लिहिलेलं असतं आणि दुसरीच्या रिपोर्टवर नाही. दोघींच्या टेस्ट वेगळ्या असतात, म्हणून ग्रुपवर आकडे जुळवत बसू नये.

मर्यादा एवढ्या कमी का? नऊ देशांतल्या सुमारे २५ हजार गरोदर बायकांवर झालेल्या हापो या अभ्यासाचे निष्कर्ष २००८ मध्ये आले. आईची साखर जशी वाढते तसा धोका हळूहळू वाढत जातो, अमुक आकड्याखाली सगळं सुरक्षित अशी ठळक रेषा नसते, असं त्यातून दिसलं. थोडीशीच वाढली आहे म्हणून दुर्लक्ष करता येत नाही ते यामुळेच.

मग खायचं काय?

साखर साधारण किती हवी ते आधी लक्षात ठेवूया. उपाशीपोटी ९५ च्या खाली आणि जेवणानंतर दोन तासांनी १२० च्या खाली. डॉक्टर तुमच्यासाठी वेगळं ध्येय ठरवू शकतात.

आता ताटाकडे वळूया. "दोन जिवांची आहेस, दोघांचं खा" हा सल्ला प्रेमापोटी दिला जातो, पण हिशेब वेगळा आहे. चौथ्या महिन्यापासून पुढे रोज साधारण ३५० कॅलरी जास्त लागतात. एक भाकरी, वाटीभर उसळ आणि कपभर दूध एवढ्यात त्या भागतात.

उपाशी राहणं किंवा भात-भाकरी पूर्ण तोडणं हेही चूक. बाळाला साखर लागतेच. ती एकदम न येता दिवसभरात थोडी थोडी यावी, एवढंच करायचं असतं.

- तीन मोठ्या जेवणांऐवजी तीन मध्यम जेवणं आणि मधे दोन-तीन वेळा थोडं खाणं.
- ताटाचा अर्धा भाग भाज्या आणि कोशिंबीर, पाव भाग डाळ, उसळ, अंडी, मासे किंवा पनीर, आणि उरलेला पाव भाग भाकरी, पोळी किंवा भात.
- सकाळी हार्मोनमुळे साखर लवकर चढते, म्हणून नाश्ता जपून. नुसत्या पोह्यांची मोठी प्लेट नको. पोहे कमी आणि त्यात मटार, शेंगदाणे, मोड आलेली कडधान्यं जास्त. चहा-बिस्किट, टोस्ट, खारी टाळलेलीच बरी.
- साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. त्यामुळे उपवासाची खिचडी हलकी वाटली तरी साखर झपाट्याने वाढवते. या काळात उपवास न केलेलाच चांगला.
- गूळ, मध, खडीसाखर साखरेपेक्षा सुरक्षित नाहीत. रक्तात गेल्यावर त्यांचीही साखरच होते.
- फळ अख्खं खा, रस काढून नको. आंब्याच्या दिवसांत वाटीभर आमरसाऐवजी एक-दोन फोडी, त्याही जेवणाला जोडून नव्हे, तर मधल्या वेळी.

आणि चालणं. डॉक्टरांनी विश्रांती सांगितलेली नसेल, तर प्रत्येक जेवणानंतर १०-१५ मिनिटं चालल्याने साखर उतरायला चांगली मदत होते. स्नायू काम करतात तेव्हा ते रक्तातली साखर वापरतात.

यात घरच्यांचा हात लागतोच. एकीसाठी वेगळं ताट वाढण्यापेक्षा सगळ्यांनीच तसं जेवलं तर तिलाही ते शिक्षा वाटत नाही, आणि घरातल्या कुणाचंच त्यात नुकसान नाही.

इन्सुलिन लागलं म्हणजे केस बिघडली का?

आधी साधारण दोन आठवडे आहार आणि चालणं यावर भर देतात. अनेक बायकांचं तेवढ्यात भागतं. तरीही जेवणानंतरची साखर १२० च्या वर राहिली, तर मेटफॉर्मिनची गोळी किंवा इन्सुलिन सुरू करतात. साखर सुरुवातीलाच खूप जास्त असेल तर डॉक्टर थांबत नाहीत.

इन्सुलिनची भीती सगळ्यात जास्त असते आणि तिला फारसा आधार नाही. इन्सुलिन वारेतून बाळाकडे जात नाही, त्यामुळे बाळासाठी ते सुरक्षित मानलं जातं. एकदा सुरू झालं की कायमचं लागतं, हाही गैरसमज. वार बाहेर पडली की तिचे हार्मोन थांबतात आणि जीडीएम असलेल्या बहुतेक बायकांचं इन्सुलिन बाळंतपणानंतर लगेच बंद होतं.

आठव्या महिन्यात डोस वाढला म्हणून स्वतःला दोष देऊ नका. वार वाढत असते, म्हणून गरज वाढते.

इन्सुलिन घेताना हात थरथरणं, घाम फुटणं, डोळ्यांपुढे अंधारी येणं असं झालं तर साखर उतरलेली असू शकते. अशा वेळी लगेच तीन चमचे ग्लुकोज किंवा साखर पाण्यातून घ्या, नंतर काही खा आणि डॉक्टरांना कळवा.

बाळाची हालचाल कमी जाणवली, डोकं सतत दुखलं, धूसर दिसलं किंवा चेहऱ्यावर अचानक सूज आली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता दवाखाना गाठा.

सिझेरियनच करावं लागतं का?

जीडीएम आहे एवढ्याच कारणासाठी नाही. साखर ताब्यात असेल आणि बाळाचं वजन योग्य असेल, तर नॉर्मल बाळंतपण होऊ शकतं. ३९ आठवड्यांपर्यंत कळा आल्या नाहीत, तर त्या सुरू करण्याचा विचार डॉक्टर करतात. बाळंतपण मात्र दवाखान्यातच, जिथे बाळाची साखर तपासायची सोय आहे अशा ठिकाणी व्हावं.

बाळंतपणानंतर हमखास राहून जाणारी टेस्ट

बाळ झालं, आईची साखर नॉर्मल आली, सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. फाइल कपाटात गेली. नेमकी इथेच चूक होते.

गरोदरपणातली साखर मोजायचे पहिले शास्त्रीय निकष १९६४ मध्ये अमेरिकेत बॉस्टनला तयार झाले. ते बाळासाठी नव्हते. कोणत्या आईला पुढे मधुमेह होईल, हे ओळखण्यासाठी ते बनवले होते. जीडीएम झालेल्या बाईला पुढच्या आयुष्यात टाइप २ मधुमेह होण्याचा धोका इतर बायकांपेक्षा सात ते दहा पट असतो, हे नंतरच्या अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणातून दिसलं. तिशीत मिळालेला हा इशारा आहे, आणि तो वेळेत मिळालेला आहे.

म्हणून बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी ७५ ग्रॅम ग्लुकोजची टेस्ट पुन्हा करायची असते, या वेळी उपाशीपोटी. दोन तासांनंतरचा आकडा १४० च्या खाली असेल तर नॉर्मल. १४० ते १९९ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. २०० किंवा जास्त, अथवा उपाशीपोटी १२६ किंवा जास्त, म्हणजे मधुमेह.

ही टेस्ट का राहते, ते आपल्या घरांमध्ये पाहिलं की कळतं. पहिलं बाळंतपण माहेरी. फाइल कधी सासरी राहते, कधी माहेरी. तपासणारे डॉक्टर एक, बाळंतपण करणारे दुसरे. सव्वा महिना होईपर्यंत आई घराबाहेर पडत नाही, आणि पडते तेव्हा बाळाच्या डोससाठी. शिवाय त्या दिवसांत डिंकाचे, अळिवाचे लाडू, शिरा, तुपातला सुका मेवा असा गोड मारा सुरू असतो. बाळाच्या प्रत्येक तपासणीची तारीख घरातल्या पाच जणांना पाठ असते. आईच्या एका तपासणीची कुणालाच नसते.

यावर सोपा तोडगा आहे. बाळाचा दीड महिन्याचा डोस आणि आईची ही टेस्ट एकाच सुमाराला येतात. दोन्ही एकाच दिवशी ठरवा. बाळाच्या लसीकरणाच्या कार्डावरच आईच्या टेस्टची तारीख लिहून ठेवा.

नॉर्मल आली तरी पुढे दरवर्षी साखर तपासायची. अंगावर पाजणं, वजन आटोक्यात ठेवणं आणि नियमित चालणं यांनी पुढचा धोका कमी होतो. दुसऱ्या बाळाचा विचार असेल, तर दिवस जाण्याआधीच तपासा. बाळाचे मुख्य अवयव पहिल्या दोन महिन्यांतच घडतात, आणि न कळलेला मधुमेह त्याच वेळी सगळ्यात जास्त नुकसान करतो.

तपासणी मोफत कुठे होते?

सरकारी दवाखान्यांत गरोदर बायकांची तपासणी मोफत असते. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेला डॉक्टरांकडून तपासणीची सोय असते. गावातल्या आशाताईंकडे किंवा उपकेंद्रातल्या नर्सताईंकडे चौकशी करा. शुगरची टेस्ट त्यांनी सांगितली नाही, तर तुम्ही विचारा. आणि ज्यांच्या घरी गेल्या वर्षभरात बाळंतपण झालंय, त्यांनी आज एकदा कपाटातली फाइल काढून बघा. त्यात जीडीएम लिहिलं असेल आणि नंतरची टेस्ट झाली नसेल, तर ती आता करूनही चालते.